जी-लँडची लाट तुम्हाला झेपेल का?

प्रश्न ठाण्याहून आला आहे. विचारणारे तीन हंगाम गोव्यात आणि चेन्नईजवळच्या कोवलमला सर्फिंग शिकलेत, न फुटलेली लाट पकडून तिच्या अंगावरून आडवं जाता येतं, बोर्ड साडेसात फुटी. आता जुलैत दहा दिवस रजा काढून इंडोनेशियात, पूर्व जावातल्या जी-लँडला जायचा बेत आहे. बरोबर पत्नी आहेत, त्या सर्फिंग करत नाहीत. झेपेल का, जायचं कसं, कॅम्पवर काय असतं आणि पत्नीने दहा दिवस तिथे करायचं काय, असे चार प्रश्न.

जा. पण जुलैत नको, दहाच्या दहा दिवस तिथे नको, आणि स्पीडीज नावाच्या भागाकडे फिरकायचंही नाही. एप्रिलची अखेर किंवा ऑक्टोबरची सुरुवात धरा. तेव्हा लाटा येतात, पण जून ते ऑगस्टसारख्या एकामागून एक अंगावर चालून येत नाहीत, आणि पाण्यात गर्दीही कमी असते. गर्दी कमी हवी ती तुमच्या सोयीसाठी नव्हे, दुसऱ्यांच्या. नवखा माणूस लाटेच्या वाटेत आडवा सापडला की दोघांचे बोर्ड मोडतात.

झेपेल की नाही हे लाटेच्या उंचीवरून ठरवू नका. आपल्याकडे सगळे आधी विचारतात, 'किती फुटी?' जी-लँडवर पहिला प्रश्न असतो, 'पाणी किती आहे?' तीच लाट भरतीला माफ करते आणि ओहोटीला सोलून काढते. आधी जागा समजून घ्या, मग हे पटेल.

जावा बेटाच्या आग्नेय टोकाला, बन्यूवांगी जिल्ह्यात, आलास पुर्वो नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे ४३४ चौरस किलोमीटरचं जंगल. त्याला लागून ग्राजागानचा उपसागर. उपसागराच्या पूर्वेकडच्या ओठावर प्लेंगकुंगचा किनारा, आणि त्याच्यापुढे पाण्याखाली प्रवाळाचा लांबच लांब कट्टा. हेच जी-लँड. नैर्ऋत्येला थेट अंटार्क्टिकापर्यंत मधे मोठी जमीन नाही. चाळीस-पन्नास अक्षांशांतली थंड वादळं तिथल्या समुद्राला ढुसण्या देतात आणि त्या लाटा कित्येक दिवस प्रवास करून इथे येतात. वाटेत लहानसहान खळबळ गळून पडते, उरतात त्या लांब अंतराच्या, चौदा ते अठरा सेकंदांनी येणाऱ्या लाटा. (याच दक्षिणी लाटा केरळात पोचल्या की निरभ्र दिवशी घरांत पाणी शिरतं आणि बातम्यांत 'कल्लक्कडल' येतं.) गोव्यात ऑक्टोबरनंतर तुम्ही ज्या लाटांवर शिकलात त्या बहुतेक जवळच्या वाऱ्याच्या. उंची तीच दिसली तरी सोळा सेकंदांच्या लाटेत पाणी कितीतरी जास्त असतं. ते कट्ट्यावर आदळतं तेव्हा त्याला थांबायला जागा नसते.

कट्ट्याची बैठक अशी की लाट दक्षिणेकडून फुटायला लागते आणि उपसागराच्या आत उलगडत जाते. पाण्यातून किनाऱ्याकडे तोंड केलंत तर ती तुमच्या डावीकडे पळते. मे ते सप्टेंबर आग्नेय वारे वाहतात, ते जमिनीवरून येऊन लाटेच्या तोंडावर आपटतात आणि तिला उभी धरून ठेवतात. म्हणून ती भिंतीसारखी राहते, लगेच कोसळत नाही. लांब लाटा, उथळ कट्टा आणि जमिनीवरचा वारा महिनोन्महिने एकत्र मिळतात अशा जागा जगात फार नाहीत.

आता एक अडचण, जी तुम्ही विचारात घेतलेली दिसत नाही. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून येणाऱ्या लाटा टोकांना वळसा घालून उत्तरेकडे फुटतात, म्हणजे स्वाराच्या उजवीकडे. कोवलम-महाबलीपुरमला तुमचा सराव बहुतांशी उजव्या लाटेचा झाला असणार. डावा पाय पुढे ठेवून उभे राहत असाल तर जी-लँडला लाट तुमच्या पाठीशी येईल. पाठीवर लाट घेऊन वेगात जाणं ही वेगळीच विद्या आहे. उजवा पाय पुढे असेल तर तुम्ही नशीबवान.

या जागेचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण कॅम्पची रचना त्यातूनच आली. १९७२ मध्ये बॉब लाव्हर्टी या अमेरिकन सर्फरला बालीला जाणाऱ्या विमानातून या टोकाशी पांढऱ्या फेसाची लांब रेघ दिसली. तो आणि बिल बॉयम मोटारसायकली काढून, शेवटी वाळूतून वाट काढत तिथे पोचले आणि लाटेवर उतरले. त्यानंतर थोड्याच दिवसांत लाव्हर्टी बालीतल्या उलुवाटूला बुडून गेला. बिलचा भाऊ माइक बॉयम याने पुढे जंगलाच्या कडेला बांबूच्या माचाणांचा कॅम्प उभारला. मोजकीच माणसं, सगळं सामान बोटीने, जेवण-झोपणं-सर्फिंग एकत्र. जगातल्या पहिल्या सर्फ कॅम्पांत याची गणती होते. नंतर तो बॉबी राडियासा या इंडोनेशियन माणसाने चालवायला घेतला आणि बाजूला आणखी कॅम्प आले. १९९५ ते १९९७ अशी तीन वर्षं इथे क्विकसिल्व्हर प्रो स्पर्धा झाली, पहिल्या वर्षी अमेरिकन सर्फर केली स्लेटर जिंकला. मग जागतिक मालिका इथे परतली ती थेट २०२२ मध्ये.

लाट एकच दिसली तरी तिचे तुकडे आहेत, प्रत्येकाचा स्वभाव निराळा. वरच्या, म्हणजे दक्षिण टोकाला काँग्ज: बाहेरच्या खोल पाण्यात फुटणारी, जडशीळ, जागा बदलत राहणारी. लहान स्वेल (दुरून येणारा लाटांचा ओघ) असली तरी इथे काहीतरी असतंच. मग मनी ट्रीज, सगळ्यांत नेमकी आणि वाचायला सोपी. त्यानंतर लाँचिंग पॅड्स, जिथून वेग घेऊन माणसं शेवटच्या स्पीडीजमध्ये शिरतात. स्पीडीज म्हणजे पोस्टकार्डावरची नळी, आतून पोकळ होत जाणारी लाट. तिथे पाणी इतकं कमी आणि लाट इतकी वेगवान की चूक झाली तर पाठ थेट प्रवाळावर. मोठ्या दिवशी हे तुकडे एकमेकांत मिसळतात, आणि मनी ट्रीजवर पकडलेली लाट तुम्हाला नको तिथे नेऊन सोडते. म्हणून लाट सोडायची कुठे हे आधी ठरवून ठेवा. लाटेच्या पाठीवरून पलीकडे निघून जाता येत नसेल तर तुमची तयारी झालेली नाही, उभं राहणं कितीही झकास असो.

तुमच्यासाठी जागा म्हणजे लहान दिवसाची मनी ट्रीज, ती अर्ध्या भरतीनंतर. त्याहून आधी, स्पीडीजच्याही पुढे उपसागराच्या आत ट्वेंटी-ट्वेंटीज म्हणून सौम्य लाट आहे, आणि आणखी आत टायगर ट्रॅक्स. पहिले दोन दिवस तिथेच घाला. कॅम्पवरची पट्टीची माणसं तिकडे जात नाहीत म्हणून ती जागा कमीपणाची आहे असं वाटून घेऊ नका. कोवलमच्या मानाने तीही भारीच आहे. मापाचीही एक गंमत: कॅम्पवर कुणी 'चार फूट' म्हणालं तर ते ऑस्ट्रेलियन माप, समोरून पाहिलं तर लाट डोक्यावरून जाईल. 'सहा फूट' ऐकलंत तर त्या दिवशी मनोऱ्यावर बसून बघा. मनी ट्रीजसमोरच्या या मनोऱ्यावरून लाटांचा क्रम, माणसं कुठून आत जातात, कुठे अडकतात, सगळं दिसतं. पहिल्या सकाळी पाण्यात न शिरता तासभर तिथे बसा असं मी प्रत्येकाला सांगतो, आणि बहुतेक जण ऐकत नाहीत.

आता पाण्याच्या हिशेबाकडे येऊ. उधाणाला इथे भरती-ओहोटीत दोन मीटरहून जास्त फरक पडतो. मुंबईच्या मानाने हे कमीच, पण मुंबईत खाली चिखल-वाळू असते, इथे सपाट कट्टा. पूर्ण ओहोटीला कट्ट्याचा मोठा भाग उघडा पडतो, त्यावरून चालत लाटेपर्यंत जावं लागतं. आपल्याकडे कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. तो हिशेब कोकणापुरता, तिथली वेळ त्यावरून काढू नका. पण उधाण आणि भांग (लहान भरती-ओहोटीचे दिवस) चंद्रावरच चालतात, जावातही. दिनदर्शिका घ्या, अमावस्या-पौर्णिमेचे पुढचे-मागचे दिवस टाळा आणि अष्टमीच्या आसपास कॅम्पचे दिवस येतील असं बघा. भांगाला पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही, त्यामुळे दिवसभरात कट्टा अचानक वर येऊन तुम्हाला गाठत नाही. मुरलेले लोक नेमके उलटे, उधाणाचे दिवस धरतात, कारण मोठ्या भरतीला स्पीडीजवर जरा जास्त पाणी मिळतं. ते त्यांचं त्यांना लखलाभ.

यातच एक बारकी खोच आहे. बाली आणि जावा यांच्या घड्याळात तासाचा फरक आहे, जावा मागे. बालीच्या बंदराचं भरतीचं कोष्टक फोनवर उघडून जी-लँडला वापरलंत तर तुम्ही तासभर चुकीच्या वेळी कट्ट्यावर उभे असाल. सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली असताना तासाभरात गुडघाभर पाण्याचं घोटाभर होतं. कॅम्पच्या फळ्यावर स्थानिक वेळ लिहिलेली असते, तीच धरा.

आत जायचं कसं ते नीट सांगतो, कारण खरी जखम लाटेवर कमी आणि येण्या-जाण्यात जास्त होते. पायात जाड तळाचे रीफ बूट हवेतच. 'बूट घातले की बोर्डाचा अंदाज येत नाही' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, ते त्या कट्ट्यावर वर्षानुवर्षं चालत आलेत. बोर्ड काखेत, फिन (बोर्डाच्या बुडाचे पर) वर. पाय आपटत चालू नका. तळवा टेकवायचा, खाली समुद्री साळिंदर किंवा भोक नाही याची खात्री झाली की मग वजन टाकायचं. गुडघाभर पाणी झालं की लगेच पोटावर पडून हात मारायला लागा. कमरेपर्यंत चालत जायचा मोह होतो, पण त्याच वेळी फेसाची भिंत आली तर पाय कपारीत अडकतो आणि वरचं शरीर मागे फेकलं जातं. घोटा, गुडघा असेच जातात. मनी ट्रीजसमोर कट्ट्यात एक खाचेसारखी वाट आहे, तिच्या तोंडाशी थांबून मोठ्या लाटांचा घोळका जाऊ द्यायचा आणि मग एका दमात बाहेर पडायचं. परत येताना पोटावरच या, फिन घासायला लागली की बोर्ड उलटा करा, आणि लीश, म्हणजे बोर्ड पायाला जोडणारी दोरी, गोळा करून हातात घ्या, नाहीतर ती मागे प्रवाळात अडकून तुम्हाला पाडते. हे सगळं जड वाटत असेल तर कॅम्पची बोट घ्या, ती थेट बाहेरच्या पाण्यात सोडते आणि तिथूनच परत उचलते.

पडताना सूर मारायचा नाही, पाय खाली सोडायचे नाहीत. पाठीवर किंवा कुशीवर, चटईसारखं पसरून पडा, वर येताना हात डोक्याभोवती. हेल्मेट घाला. कुणी हसलं तर हसू दे.

प्रवाळाने कापणार, हे धरूनच चला. जखम त्याच दिवशी स्वच्छ पाण्याने आणि मऊ ब्रशने घासून काढा, प्रवाळाचा कण आत राहिला तर ती चिघळते. मग जंतुनाशक, कोरडी पट्टी. जखमेवर लिंबू पिळायची रीत सर्फरांमध्ये आहे. त्याने नुसती आग होते, कण निघत नाही. निघण्याआधी धनुर्वाताची सुई घ्या, आणि बरोबर कोणतं प्रतिजैविक ठेवायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. धड रुग्णालय बन्यूवांगीत, म्हणजे काही तासांवर. प्रवास विमा घेताना त्यात सर्फिंग आणि तिथून हलवण्याचा खर्च धरलाय का ते कलमात वाचा, एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

बोर्ड दोन न्या. साडेसात फुटी बोर्ड उभ्या लाटेच्या तोंडावर नाक खुपसेल, त्याऐवजी साडेसहा ते सातच्या दरम्यानचा, निमुळत्या शेपटीचा बघा. बदली लीश, बदली फिन, बोर्ड सांधायला उन्हात वाळणारं रेझिन. बोर्डाच्या लांबीची मर्यादा विमान कंपनीगणिक वेगळी असते, ती तिकीट काढायच्या आधी विचारा, नंतर नव्हे.

कॅम्पचं म्हणाल तर आता पंख्याच्या लाकडी खोलीपासून वातानुकूलित खोलीपर्यंत सगळं मिळतं. पैसे रात्रीच्या हिशेबाने, त्यात तिन्ही वेळचं जेवण. एटीएम नाही, रुपिया (इंडोनेशियाचं चलन) रोखीत न्या. नेटवर्कचा भरवसा धरू नका. तुमच्यापैकी कुणी शाकाहारी असेल तर टोफू, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), भात, भाज्या भरपूर, पण सांबाल या तिखट चटणीत बहुधा तेरासी असते, म्हणजे बारीक कोळंबी आंबवून केलेला गोळा. गाडो-गाडो या भाज्यांच्या पदार्थावरच्या शेंगदाण्याच्या रश्शातही ती असू शकते. आचाऱ्याला पहिल्या दिवशीच सांगा. नावाड्यांना वयाने मोठे असतील तर 'पाक', बरोबरीचे असतील तर 'मास' म्हणून हाक मारा. कुठल्या तुकड्यावर आज तुम्ही उतरावं हे त्यांना तुम्ही पाण्यात दोनदा हात मारलेले बघून कळतं. कॅम्पला जे पैसे मोजता त्यातला मोठा हिस्सा या सल्ल्याचाच असतो, तो वसूल करा.

एका गोष्टीबद्दल कॅम्पवर पोचल्या-पोचल्या विचारा: त्सुनामी आली तर पळायची वाट कोणती. ३ जून १९९४ च्या मध्यरात्रीनंतर या किनाऱ्यासमोर समुद्रात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. जमिनीवर तो हलकाच जाणवला, म्हणून कुणी पळालं नाही. मग लाटा आल्या. पूर्व जावाच्या किनाऱ्यावरच्या गावांत दोनशेहून अधिक माणसं गेली, जी-लँडचे कॅम्प झोपलेल्या सर्फरांसकट जंगलात ढकलले गेले. म्हणून जोराच्या धक्क्याची वाट बघायची नाही. हलकं पण लांबत जाणारं हलणं जाणवलं तरी उंचाकडे चालायला लागायचं.

जायच्या वाटा दोन. बालीच्या दक्षिणेकडून वेगवान बोट साधारण दोन-अडीच तासांत पोचवते, समुद्र खवळला तर अंगातलं सगळं बाहेर काढून. दुसरी वाट रस्त्याची: बालीच्या पश्चिम टोकाला गिलिमानुक, तिथून फेरीने जावातलं केतापांग, मग बन्यूवांगी आणि उद्यान. शेवटचा जंगलातला टप्पा खडबडीत, तो उद्यानाच्या किंवा कॅम्पच्या गाडीनेच करावा लागतो. पूर्ण दिवस जातो. भारतीयांना विमानतळावर तीस दिवसांचा व्हिसा मिळतो, पाच लाख रुपिया. बालीत उतरलात की आणखी दीड लाखाचा पर्यटन कर. आकडे ऐकून दचकू नका, रुपियात सगळंच लाखांत असतं.

पत्नीसाठी दहा दिवस जी-लँड म्हणजे शिक्षा आहे, हे स्पष्ट सांगतो. पोहायला कट्टा आडवा येतो, बाजार नाही, संध्याकाळी गप्पा फक्त लाटांच्या. पण तीन-चार दिवस छान जातात. सादेंगानच्या कुरणात सकाळी बांतेंग, म्हणजे तिकडची रानगुरं, कळपाने चरताना दिसतात, मोरांच्या मानेचा हिरवा रंग आपल्या निळ्या मोरापेक्षा वेगळा. नगागेलानला कासवांची अंडी जपून पिल्लं समुद्रात सोडतात. जंगलात गिरी सालाकाचं हिंदू देऊळ आहे, तिथे पूजाअर्चा अजून चालते. जंगलात बिबटे आहेत म्हणून रात्री एकटं भटकायचं नाही. माकडं मात्र रात्रीची वाट बघत नाहीत, खोलीचं दार उघडं दिसलं की साबणापासून चष्म्यापर्यंत काहीही उचलतात.

म्हणून दहा दिवस असे वाटा. बालीत उतरून पश्चिमेला मेडेवीला चार-पाच दिवस राहा. तिथे गोट्यांच्या तळावर फुटणारी लांब, सबुरीची डावी लाट आहे, तुम्हाला हवा तोच सराव, आणि गाव गिलिमानुकच्या रस्त्यावरच आहे. मग जी-लँडला चार रात्री, उरलेले दिवस पत्नी म्हणतील तिथे. कॅम्पचं आरक्षण करताना तारीख बदलता येईल का हे आधीच विचारून ठेवा. मेडेवीत तिसऱ्या दिवशीही पाठीवरची लाट जमत नसेल, किंवा लाट मधेच सोडून बाहेर पडता येत नसेल, तर कॅम्पला कळवून पुढची तारीख घ्या आणि ते चार दिवस मेडेवीलाच घालवा.